प्रॉम्प्टरनं घेतलेली चार पुस्तकं

दवाखान्यात सहाव्या दिवशी नवऱ्यानं डोळे उघडले, माझ्याकडं नीट बघितलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "आपण कोण? मी आपल्याला ओळखलं नाही."

शेजारच्या पेशंटची बायको चहा पीत होती, तिनं कप खाली ठेवला. पाच दिवस तो घशातून नुसती घरघर काढत होता, उजवा हात आणि उजवा पाय ओंडक्यासारखे पडले होते, आणि मी देवाकडं एकच मागणं लावून धरलं होतं, की एक शब्द बोलू दे, कुठलाही. आणि बोलला तर हे. अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या बायकोला. तेही 'आपण' म्हणून.

मग डोक्यात काहीतरी हललं. हे वाक्य मला पाठ होतं. पहिला अंक, त्याची पहिली एन्ट्री, हातात कंदील, समोर एक अनोळखी माणूस. मला न विचारता माझं तोंड उघडलं आणि पुढचं वाक्य बाहेर पडलं, "वाटसरू आहे. पाणी मिळेल का?"

"पाणी मिळेल," नवरा म्हणाला. "गाडी मिळायची नाही."

सिस्टर धावत आली. तिला वाटलं, पेशंट बोलायला लागला. मलाही तेच वाटलं. मी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, दोघातिघांना तर पुन्हा पुन्हा केले. दोन दिवस मी आनंदात होते, आणि त्या दोन दिवसांची भरपाई पुढं कित्येक महिने करत बसले.

आम्ही दोघं नाशिकचे हौशी नाटकवाले. तो अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मी एका कचेरीत आवक-जावक बघते. संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असायची. तो नट, मी प्रॉम्प्टर. मला रंगमंचावर जायची हौस कधीच नव्हती. कुणाची चूक होऊ नये, याची मात्र फार हौस होती. लग्नाआधीपासून मी विंगेत स्टुलावर बसून संहितेवर बोट ठेवलेलं, आणि तो समोर उजेडात. आमच्याच एका मित्रानं लिहिलेल्या नाटकात त्यानं एका निवृत्त स्टेशनमास्तरचं काम केलं होतं. ज्या स्टेशनवर आता एकही गाडी थांबत नाही, तिथंच हा माणूस राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजतो. स्पर्धा झाली, मग सटाणा, वणी, कुठं कुठं प्रयोग झाले. वर्षानुवर्षं झाले. नाटक त्याच्या अंगात मुरलं आणि माझ्याही.

प्रॉम्प्टरचं काम म्हणजे नुसतं वाचून दाखवणं नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगायचे. वाक्य अडलं की पहिले दोनच शब्द द्यायचे, नटापर्यंत पोचतील आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचणार नाहीत असे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे नट ब्लँक झालाय की त्यानं पॉज घेतलाय, हे ओळखायचं. ते श्वासावरून कळतं. दुसऱ्या अंकात त्याचा एक पॉज होता, मी मनात नऊ आकडे मोजायचे. नव्या प्रॉम्प्टरनं तिथं हमखास शब्द फेकला असता. मी कधीच फेकला नाही. याचा मला जो माज होता, तो इथं लिहून ठेवते, कारण पुढं तो लागणार आहे.

नाटकातली मैत्री म्हणून घरात आमचं अरे-तुरे. फक्त त्याची थोरली बहीण सटाण्याहून आली, की मी 'अहो' करायचे.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा कळलं, की त्याच्याकडं त्या नाटकाखेरीज काहीच शिल्लक नाही. जेवायला वाढलं, की "पाणी मिळेल." कुणी भेटायला आलं, की "आपण कोण?" आणि पाहुण्याचा चेहरा पडायचा. खिडकीत बसला, की त्याचं आवडतं, "मी कुणाचीच वाट बघत नाही. मला फक्त वेळापत्रकाची सवय आहे." हे वाक्य तो इतकं सुंदर म्हणायचा, की डोळ्यांत पाणी यावं. पण त्याला तहान लागलीय का, हे त्याला सांगता यायचं नाही. समजत सगळं होतं. माझं नाव ओठांवर आणायला जायचा, घामाघूम व्हायचा आणि तोंडातून स्टेशनमास्तर बाहेर पडायचा.

गंगापूर रोडवर वाचेचे उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या, शांत. त्यांनी समजावून सांगितलं, की पाठ केलेलं, गायलेलं, शंभरदा म्हटलेलं मेंदूत वेगळीकडं राहतं, ते अशा झटक्यातून कधीकधी वाचतं. स्वतःचं वाक्य जुळवणं ही निराळी गोष्ट, ती सावकाश परत आली तर येते. मी विचारलं, मी काय करू. त्या म्हणाल्या, जिथं तयार वाक्य चालणार नाही अशा साध्या साध्या प्रसंगांत त्यांना आणा. आणि त्यांना वेळ द्या. दुसरं वाक्य मी ऐकलं की नाही, मला आठवत नाही. पहिलं मात्र धरून बसले.

तयार वाक्य चालणार नाही असे प्रसंग. द्वारका चौकातल्या सिग्नलला स्कूटरवर उभी असताना मला त्याचं नाव आठवलं. उत्स्फूर्त नाट्य. तरुणपणी आमच्या संस्थेत बाहेरगावचे एक दिग्दर्शक शिबिर घ्यायला आले होते आणि त्यांनी दोन दिवस सगळ्यांना संहितेशिवाय उभं केलं होतं. कुणीतरी म्हणायचं, हा बसस्टॉप आहे, आणि चालू. माझा नवरा त्यात बेभान व्हायचा. मी मात्र भिंतीशी बसून होते, कारण संहिता नाही तिथं प्रॉम्प्टरचं काय काम. लोकांना चहा दिला, खुर्च्या हलवल्या आणि मनातून चिडले. असल्या पोरखेळाला नाटक म्हणतात का, असंही कुणाला तरी बोलले होते. आता तोच पोरखेळ मला शिकायचा होता, बावन्नाव्या वर्षी, आणि लवकर. मॅडम म्हणाल्या होत्या, की पहिलं वर्ष महत्त्वाचं. त्यातले चार महिने संपले होते.

आणि मला पोळ्यांपासून पोहण्यापर्यंत काहीही शिकायचं, तर पुस्तक लागतं. पोहणं तर पुस्तक वाचत बसल्यामुळंच राहून गेलं.

पहिली फेरी महात्मा गांधी रोडवरच्या एका जुन्या दुकानात. मालक ओळखीचे, एकांकिकांची पुस्तकं तिथूनच घ्यायचो. त्यांनी मला बघितल्याबरोबर स्पर्धेसाठी कमी पात्रांची चार नाटकं काढून ठेवली. मी म्हटलं, नाटक नकोय, नाटक नसताना नाटक कसं करायचं ते हवंय. त्यांनी चारही नाटकं परत फळीवर ठेवली. मग आत गेले आणि सभेत न घाबरता भाषण कसं करावं याचं एक पुस्तक घेऊन आले. त्यात स्वागत, आभार, निरोप समारंभ, श्रद्धांजली अशी प्रकरणं होती. मी ते घेतलं. का घेतलं, तर प्रत्येक प्रसंगाखाली तयार वाक्यं दिलेली होती आणि तयार वाक्यं दिसली की मला धीर येतो. तयार वाक्यांतून सुटण्यासाठी मी पहिलं पुस्तक आणलं ते तयार वाक्यांचं. हे तेव्हा मला दिसलं नाही.

दुसरं वाचनालयातलं. नाटकाच्या कपाटात तळाशी अभिनयशास्त्रावरचा एक जाड भाषांतरित ग्रंथ होता. त्याच्यात उत्स्फूर्ततेवर एक अख्खं प्रकरण होतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, हे पुस्तक बाहेर जाताना त्यांनी कधी बघितलेलं नाही. मी ते तीन आठवडे वाचलं. एकेक वाक्य पाऊण पानाचं. लेखकाला जे म्हणायचं होतं ते तो म्हणायला निघायचा आणि वाटेत दुसऱ्याच गावाला जायचा. पण मी पेन्सिल घेऊन चिकाटीनं वाचलं, कारण नवरा आतल्या खोलीत भिंतीला सांगत होता की गाडी मिळायची नाही.

तिसरं इंग्रजी, घरपोच मागवलेलं. मागवायच्या आधी मी फोनवर दहा-बारा पुस्तकांच्या अनुक्रमणिका बघितल्या. लोक पुस्तक कशावरून निवडतात, देव जाणे. मी निवडलं ते सर्वांत जास्त खेळ असलेलं. आलं तर मुखपृष्ठावर उड्या मारणारी माणसं. डिक्शनरी घेऊन बसले. पहिला खेळ, बारा जणांनी वर्तुळात उभं राहावं. दुसरा, आठ जणांनी जोरात धावत यावं. आमच्या घरात दोन माणसं, त्यातलं एक काठी धरून संडासापर्यंत जाणारं. मी प्रत्येक खेळासमोर पेन्सिलीनं लिहीत गेले, दोघांत होईल का, बसून होईल का, एका हातानं होईल का. दोनशे खेळांतले सात उरले. सात उरले म्हणून त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते समाधानाचं होतं की कसलं, हे मी तपासत बसले नाही.

चौथं पुस्तक म्हणजे अगदी पातळ चोपडं. शालिमार चौकाच्या मागं जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, लेखक कोण, कळायला मार्ग नाही. बालवाडीच्या ताईंसाठी नाट्यखेळ. ते मी नाइलाजानं उचललं. वाचता वाचता निम्म्या खेळांसमोर 'नको' असं लिहिलं. एका खेळात सारखं बोलणाऱ्या मुलानं तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं होतं आणि समोरच्यानं गोष्ट सांगायची. त्याच्यासमोर मी 'पोरखेळ' लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझ्या घरात सारखं बोलणारं कुणी नाहीच, असं मला वाटलं असणार.

चार पुस्तकं झाली आणि मी माझ्या पद्धतीनं अभ्यासाला लागले. प्रत्येक पुस्तक हाती आलं, की मी आधी शेवटचं पान बघितलं होतं, उत्तरं दिलीत का म्हणून. कुणीच दिलेली नव्हती. तेव्हा मी ती तयार करायला घेतली. दोनशे पानी वही आणली. आवक-जावकचं रजिस्टर आखतात तसे रकाने आखले. डावीकडं, 'तो म्हणाला तर'. उजवीकडं, 'मी म्हणायचं'. तो म्हणाला, गाडी मिळायची नाही, तर मी म्हणायचं, हो, आणि म्हणून आपण रिक्षानं भाजीला जाऊ, कुठली भाजी आणू या? तो म्हणाला, आपण कोण, तर मी म्हणायचं, हो, मी भाजीवाली, मेथी देऊ की पालक? इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं, की समोरचा जे देईल ते स्वीकारायचं आणि त्यात आपली भर घालायची. मी दीड महिन्यात वहीची एकशे चाळीस पानं भरून भर घातली आणि पाठ केली. उत्स्फूर्त नाट्य पाठ करणारी बाई या नाशकात तरी मी एकटीच असेन.

आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. कचेरीतून आले की चहा द्यायचा, टेबल लावायचं, त्यावर खऱ्या भाज्या मांडायच्या आणि सुरू करायचं. तो बघायचा माझ्याकडं. तोंड उघडायचा. मी लगेच सुरुवात करून द्यायचे, "मे... मेथी?" तो मान हलवायचा, हो की नाही तेही कळू नये अशी. पुन्हा तोंड उघडायचा. "पालक? की कांदे? कां..." मग तो दमायचा आणि म्हणायचा, "मी कुणाचीच वाट बघत नाही." आणि माझं तोंड, सवयीनं, पुढचा शब्द द्यायचं, "मला फक्त..." आणि तो म्हणायचा, "मला फक्त वेळापत्रकाची सवय आहे." आणि संपला खेळ. रोज याच स्टेशनवर आम्ही येऊन थांबायचो.

सातव्या महिन्यात एका रविवारी माझा तोल गेला. मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, तुझं काहीतरी बोल, शिवी दे, पण तुझी दे, मी मरतेय इथं पुस्तकं वाचून वाचून. तो इतका घाबरला, की त्याच्या डाव्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. मग तो खुर्चीत सरळ बसला आणि अत्यंत आदबीनं म्हणाला, "आपण बसा. पाणी मिळेल." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. मला त्याच्याबरोबर राहायची भीती वाटायला लागली होती. मला त्याच्या त्या सुंदर आवाजाचा राग यायला लागला होता. हेही लिहून ठेवते.

त्यानंतरच्या आठवड्यात आक्का आल्या, त्याची थोरली बहीण. येताना कांदे, डाळ आणि गोणीभर भुईमुगाच्या शेंगा. चार दिवस त्या त्याच्यासमोर जमिनीवर बसून शेंगा फोडत होत्या. एक अक्षर बोलत नव्हत्या. एकदा मी आतून बघितलं तर तो डाव्या हातानं शेंगा फोडून त्यांच्या सुपात टाकत होता आणि त्या चार दिवसांत त्यानं एकदाही 'आपण कोण' म्हटलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, आक्का त्याला आळशी करून ठेवताहेत, माझे चार दिवस वाया. जायच्या दिवशी मी भाज्या मांडल्या आणि त्यांच्यासमोर आमचा पाठ करून दाखवला, थोडा दिमाखानंच. वही त्यांनी उघडून बघितली, त्यांना वाचता येतं. मग म्हणाल्या, "वहिनी, तू त्याले बोलू देस का? तो तोंड उघाडस नि तू बोली टाकस."

मी वही त्यांच्या हातातून घेतली. मनात म्हटलं, यांना काय कळतंय. शेंगा फोडून माणूस बरा होत असता तर मॅडमकडं कशाला जायचं. त्यांना स्टँडवर सोडून आले आणि घरी येऊन आणखी चार पानं लिहिली.

पुढच्या खेपेला मॅडमनी घरचा सराव फोनवर रेकॉर्ड करून आणायला सांगितला होता. मी सगळ्यांत चांगला दिवस निवडला आणि घेऊन गेले. मॅडमच्या टेबलावर फोन ठेवला. नवरा शेजारच्या खुर्चीत. आवाज सुरू झाला आणि मला ओळखूच येईना, की ही कोण बाई इतकी बोलते आहे. मेथी, पालक, कांदे, हो का, बरं, मग, सांग ना, मे, पा, कां. थांबतच नव्हती. दहा मिनिटं. मॅडमनी मध्येच बंद केलं नाही, पूर्ण होऊ दिलं. मग त्या म्हणाल्या, "ताई, यात ते कुठं आहेत?"

मला राग आला. मी म्हटलं, पुन्हा लावा. आणि या वेळी मी प्रॉम्प्टरच्या कानानं ऐकलं. त्या बाईच्या बडबडीच्या मागं एक श्वास होता. तो आत घेतला जायचा, थोडा अडायचा, आणि तेवढ्यात बाईचा शब्द त्यावर पडायचा. पुन्हा श्वास, पुन्हा शब्द. हा श्वास मी लग्नाआधीपासून विंगेतून ऐकत आले होते. ब्लँक झालेला माणूस असा श्वास घेत नाही, त्याचा श्वास वर छातीतच राहतो. हा खालून, पोटातून यायचा. दुसऱ्या अंकातल्या नऊ आकड्यांच्या पॉजआधी तो हाच घ्यायचा. तो पॉज घेत होता. महिनोन्महिने, दिवसातून शंभरदा, तो पॉज घेत होता, आणि ज्या बाईनं त्याच्या पॉजमध्ये कधी शब्द फेकला नाही म्हणून मिरवलं, ती त्याच्या प्रत्येक पॉजमध्ये शब्द फेकत होती.

मी नवऱ्याकडं बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

घरी येऊन मी चारही पुस्तकं टेबलावर ठेवली आणि पुन्हा उघडली. भाषणाच्या पुस्तकात, सभागृह शांत होईपर्यंत थांबा. जाड ग्रंथात, त्या पाऊण पानाच्या वाक्यात कुठंतरी, सहकलाकाराच्या मौनात हस्तक्षेप करू नये. इंग्रजीत, थांबा आणि ऐका. चोपड्यात, ताईंनी घाई करू नये. चारही ठिकाणी खाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ माझीच. इंग्रजीत तर मी शेजारी 'महत्त्वाचे' असं लिहून चौकट केली होती. मला जे हवं होतं ते चारही पुस्तकांत होतं, मी त्याच्यावर खूण करून पुढं गेले होते, पुढच्या पानावर उत्तरं असतील म्हणून.

गप्प बसायचं ठरवणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी मी दोन मिनिटंही टिकले नाही. त्याचा श्वास आत गेला आणि माझे ओठ हलले. तिसऱ्या दिवशीही तेच. हात चावून बघितला. विंगेत मी नऊ मोजू शकायचे, कारण दहाव्या आकड्याला काय येणार हे मला पाठ होतं. इथं दहाव्याला काय येणार, किंवा काही येणारच नाही, हे माहीत नव्हतं, आणि ती रिकामी जागा मला सोसत नव्हती. खरं सांगायचं तर भीती वाटत होती, की तो थांबेल, मी थांबेन आणि काहीच येणार नाही. कायमचं. माझी बडबड होती तोवर ते मला कळणार तरी नव्हतं.

त्या रविवारी दुपारी मी चोपड्यातल्या 'पोरखेळ' लिहिलेल्या पानाकडं परत गेले. तांब्यातून पाणी घेतलं, मोठा घोट तोंडात धरला आणि त्याच्यासमोर जाऊन बसले. भाज्या नाहीत, काही नाही. तो खिडकीपाशी खुर्चीत होता. त्यानं माझे फुगलेले गाल बघितले आणि त्याच्या तोंडाची डावी बाजू जराशी हलली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

तो म्हणाला, "मी कुणाचीच वाट बघत नाही." आणि थांबला. पुढचा शब्द माझ्याकडून येईल म्हणून बघत राहिला. मी पाणी धरून बसले. त्यानं स्वतःच ते वाक्य पुढं नेलं नाही. खालून श्वास घेतला. मी मोजायला लागले. नऊ झाले. पंधरा झाले. त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ एकदा जुळले आणि सुटले, आणि माझ्या जिभेखाली दहा शब्द तयार होते, पाण्याखाली सगळे. चाळीसपर्यंत मी मोजलं, मग आकडे सुटले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तोंडातलं मी सोडलं नाही.

"नाटक," तो म्हणाला.

आवाज तो नव्हता. स्टेशनमास्तरचा तो खणखणीत आवाज नव्हता. जाड, ओबडधोबड, घशात अडकलेला आवाज होता, माझ्या नवऱ्याचा. पुन्हा श्वास. पुन्हा केवढा तरी वेळ.

"नाटक... नको."

मी पाणी गिळलं. सात-आठ महिने ज्याची वाट बघितली ते त्याचं पहिलं स्वतःचं वाक्य, आणि ते हे होतं. आमच्या दोघांत जे काही होतं ते त्या विंगेतून आणि त्या उजेडातून आलेलं. लग्नसुद्धा तिथूनच झालेलं. मी त्याला कुठलं नाटक नकोय ते विचारायला हवं होतं. ते जुनं, की हे रोजचं मेथी-पालकाचं, की मी. मला काहीच विचारता येईना. तोंड उघडलं तर आत शब्दच नव्हता. माझा हात आपोआप टेबलावरच्या वहीकडं गेला, आणि मी तो मागं घेतला, कारण डावीकडच्या रकान्यात हे वाक्य मी कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तो माझ्याकडं बघत होता. मी अडलेय हे त्याला कळलं होतं. त्यानं पाणी मिळेल म्हटलं नाही, गाडीचं काही म्हटलं नाही, मान हलवून मला ढकललं नाही. डावा हात मांडीवर ठेवून तो नुसता थांबला, मी बोलेपर्यंत.

शेवटी मी म्हटलं, "मला काही सुचत नाहीये रे."

त्यानं श्वास घेतला. मी मोजलं नाही.

"मला... पण," तो म्हणाला.